न सापडलेली गल्ली

माझ्या सासूबाईंना हरणं जमत नाही. पत्त्यांत हरल्या तर म्हणतात, पत्तेच जुने झालेत. पण आमच्या इंदूरच्या मराठी मंडळाच्या ज्येष्ठांच्या वादविवाद स्पर्धेत त्या सलग तीन वर्षं दुसऱ्या आल्या होत्या, त्याही खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या मागे. यंदा कप आणायचाच, असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं.

विषय निघाला, युद्धात अणुबॉम्ब वापरणं योग्य की अयोग्य. बाजू चिठ्ठी टाकून ठरते. आईंना ‘योग्य’ची चिठ्ठी आली. माझा चेहरा पडला.

“बाजू कुठली पण येऊ दे गं, बोलणार तर मी आहे ना!” आई म्हणाल्या.

मला अणुबॉम्बचा तिटकारा, पण कपाचा लोभ जास्त. मीही पदर खोचून भाषणाला लागले. एक शहर गेलं की युद्ध थांबतं आणि लाखो जीव वाचतात, हा त्यांचा हुकमी मुद्दा. मी म्हटलं, “आई, नुसते आकडे कोण ऐकतं? इंदूरचंच उदाहरण द्या. एक गल्ली गेली आणि बाकी शहर वाचलं, असं.”

“वा! कुठली घेऊ?”

इथेच घोडं अडलं. छत्रीबागेत त्यांचं माहेर. स्नेहलतागंजात दातांचे डॉक्टर, आणि कवळीचं काम अर्धवट. सियागंज म्हटलं तर उसळल्याच. “बिलकुल नाही! चाळीस वर्षं हळद तिथून आणते मी.” शेवटी मी वैतागून म्हटलं, कुणीच ओळखीचं नाही अशी गल्ली घ्या. तर रिक्षा करून तशी एक गल्ली बघायला गेल्या आणि तिथल्या एका बाईकडून लिंबाच्या लोणच्याची कृती घेऊन आल्या.

“ही पण लिस्टमधून कटली,” म्हणाल्या.

स्पर्धेत आई अशा तडाखेबंद बोलल्या की काकू पदराने घाम पुसू लागल्या. कप मला दिसायलाच लागला होता. मग उदाहरणाची जागा आली आणि आई थांबल्या.

“मी हफ्ताभर उडवायला एक गल्ली शोधून राहिले होते,” त्या म्हणाल्या. “आपल्याकडे तर एक पण नाही मिळाली. ज्यांच्यावर बॉम्ब टाकायचा, त्यांच्या गल्ल्या मी बघितल्याच नाहीत, म्हणून इतका वेळ फटाफट बोलत होते.”

परीक्षक गोंधळले. “आजी, तुम्ही बाजूने आहात ना?”

“बाजूनेच आहे जी. फक्त जागा मिळत नाहीये.”

सगळे खदखदून हसले. मीही हसले, आणि मग मला रडूच आलं. बाजू सोडली म्हणून गुण कापले गेले. कप काकूंना, आई तिसऱ्या.

परतताना रिक्षात मी समजूत घालायला गेले. आता परीक्षक जुने झालेत म्हणणार, याची मला खात्री होती.

“हरले गं मी,” आई खुशीत म्हणाल्या. “उद्या लिंबं आण. पहिली बरणी त्या बाईला देऊन येऊ.”