उलट्या पावलांनी पुसलेले घर

इमारत पूर्ण झाली हे अभियंता नकाशावरून ठरवतो, गवंडी गिलाव्यावरून आणि रंगारी आपल्या शेवटच्या हातावरून. परंतु ती माणसांनी राहण्याजोगी झाली, हे जिच्या फडक्यावरून ठरत असे, तिला बांधकामावर सगळे ‘शेवटच्या बाई’ म्हणत. या संबोधनात उपहास नव्हता. सारे कारागीर आपापली हत्यारे उचलून गेले की मगच तिचा प्रवेश होई. काचांवर उडालेले रंगाचे शिंतोडे ती पात्याने हलकेच खरवडी, फरशीवर गोठलेले सिमेंटचे ओघळ भिजवून मऊ करी, नळातले पहिले गढूळ पाणी निवळेपर्यंत वाहू देई. शिल्पातील मूर्ती दगडात आधीच असते, असे म्हणतात. नव्या घराचेही तसेच असावे. धुळीखाली ते असतेच, कोणी तरी ते उघडे करून द्यावे लागते.

तिच्या कामाची एक शिस्त होती. सर्वांत आतल्या टोकापासून प्रारंभ करायचा आणि मागे सरत, उलट्या पावलांनी पुसत दारापर्यंत यायचे. आपले एकही पाऊल ओल्या फरशीवर उमटू द्यायचे नाही. मग दार ओढून कुलूप लावायचे आणि चावी खाली रखवालदाराच्या हाती द्यायची. कामाच्या घरात ती कधी बसली नाही, तिथल्या नळाचे पाणी प्यायली नाही. तिची पाण्याची बाटली बाहेर जिन्यात असे. ‘पहिलं पाऊल ज्याचं घर त्याचंच पडावं,’ एवढेच तिचे म्हणणे. कोणत्याही ग्रंथात न सांगितलेले हे व्रत तिने वर्षानुवर्षे निष्ठेने पाळले.

ती स्वतः मात्र राहत होती दोन अंधाऱ्या खोल्यांत. भिंतींना ओल, छताला पोपडे, आणि शौचालय अंगणापलीकडे, चार बिऱ्हाडांना मिळून एक. जुन्या घरांविषयी गहिवरून बोलणारी माणसे बहुधा त्यांत राहत नसतात. तिच्या सासूबाईंची दृष्टी पूर्ण गेली होती. परंतु त्या घरात त्यांना डोळ्यांची उणीव भासत नसे. चौकटीवरची खाच, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातला खिळा, भिंतीचा फुगलेला भाग, अशा खुणांवरून त्या हाताने घर वाचीत. गेल्या हिवाळ्यात मात्र अंगणात जाताना उंच उंबरठ्याला त्यांचा पाय अडखळला आणि त्या पडल्या. हाड वाचले, धीर खचला. तेव्हापासून कोणाचा दंड धरल्याविना त्या बाहेर पडेनात. आणि एक गोष्ट सुनेच्या लक्षात आली. सासूबाईंनी दुपारनंतर पाणी पिणे सोडले होते. विचारले तर म्हणत, “तहानच नाही गं.” तहान होती, अंगण ओलांडायला कोणाला हाक मारावी लागू नये म्हणून ती तहान त्यांनी गिळली होती.

अशात सुयोग आला. ज्या कंपनीच्या इमारती ती पुसत असे, तिने आपल्या जुन्या कामगारांसाठी नव्या वसाहतीच्या मागील बाजूस एक इमारत बांधली आणि तीत शेवटच्या बाईंनाही घर मिळाले. वरच्या मजल्यावर, उजेडाचे, शौचालय आत. सून हरखली. सासूबाईंनी मान हलवली.

“मी नाही येणार. गुळगुळीत भिंती म्हणजे कोरी पाटी. हाताने वाचू काय मी तिथे?”

“शिकाल हो हळूहळू.”

“या वयात? इथे मी घरची आहे. तिथे मी गाठोडं. उचलून ठेवाल तिथे पडायचं.”

सासूबाईंचा मुलगा छापखान्यात कामाला. त्याने दोन महिने आईची मनधरणी केली आणि अखेर हात टेकले. “आई नाही, तर आपणही नाही,” तो बायकोला म्हणाला. घर भाड्याने द्यायचे ठरले. भाडेकरू दुसऱ्याच दिवशी पाहायला येणार होता. म्हणजे हेही घर तिने दुसऱ्यासाठीच पुसायचे होते. फडकी, पाते तिने बादलीत भरले.

त्या दिवशी छापखान्यात काम तुंबले होते, सासूबाईंना एकटे ठेवणे शक्य नव्हते. “चला माझ्याबरोबर, गच्चीत ऊन खात बसा,” सून म्हणाली.

“येते. पण तोंडातून अवाक्षर काढणार नाही. नाहीतर उद्या म्हणशील, आईंना घर आवडलं.”

खाली रखवालदाराने दोघींना पाहिले. “बाई, आज जोडीने काम?” त्याने विचारले.

“या मुकादम आहेत,” ती म्हणाली. सासूबाईंनी तोंडात मिठाची गुळणी धरलेलीच होती.

वर पोचल्यावर तिने सासूबाईंचा तळवा भिंतीला टेकवून दाखवला. “गच्चीतून आत येताना ही भिंत उजव्या हाताला ठेवायची. पहिलं दार स्वयंपाकघराचं, दुसरं संडासचं. मध्ये उंबरठा नाही.” सासूबाईंनी हात झटकन काढून घेतला. तिने त्यांना घराच्याच छोट्या गच्चीत खुर्चीवर बसवले, गच्ची पुसून घेतली आणि ती कामाला लागली.

काम करताना तिचे मन कुठे असे हे कोणालाच ठाऊक नाही. बहुधा ते कुठेच नसे. हात चालत होते. काचा उजळल्या, नळातून निवळ पाणी वाहू लागले, कोपऱ्यातला शेवटचा शिंतोडा निघाला. मग आतल्या खोलीपासून ती मागे सरू लागली. फडके, पाऊल, फडके, पाऊल. सासूबाईंचे मौन इतके निष्ठेचे होते की त्या तेथे आहेत हे कळण्यासारखा आवाजच होत नव्हता. ती दाराशी पोचली, बाहेर आली, दार ओढले, कुलूप लावले, जिन्यातली बाटली उचलली, खाली उतरली आणि चावी रखवालदारापुढे धरली. जित्याची खोड!

“मला कशाला?” तो हसला. “घर तुमचं ना? स्वतःच्या घराची चावी देता होय मला!”

तीही हसली. आपल्याच कपाळावर तिने हात मारून घेतला.

“आणि मुकादम कुठेत?” त्याने विचारले.

तिच्या पायाखालची जमीन सरकली. बादली तिथेच टाकून ती जिना चढू लागली. डोळ्यांपुढे ओली फरशी होती, तीवर पाऊल टाकणारी आंधळी वृद्धा होती, आणि मागच्या हिवाळ्यातला तो धप्प आवाज कानांत होता. ‘ओली फरशी मीच करून ठेवली,’ एवढा एकच विचार पायरीपायरीवर तिच्याबरोबर चढत होता. घाईत चावी कुलुपात जाईना. गेली, फिरली, तरी दार उघडेना. आतून कडी लागली होती.

“आई!”

आतून शांत, खणखणीत आवाज आला. “कोण आहे?”

“अहो आई, मी!”

“मी म्हणजे कोण? नीट सांगा. घरात मी एकटी आहे.”

तिचा जीव भांड्यात पडला. तिथेच, बंद दाराला कपाळ टेकून तिने डोळे मिटले. “तुमची सून आहे. घरात घ्या मला.”

कडी निघाली. सासूबाई दारात ताठ उभ्या होत्या. त्यांच्या मागे, तिने आरशासारख्या पुसलेल्या फरशीवर, पावलांची रांग उमटली होती. गच्चीतून भिंतीच्या कडेने सरळ दुसऱ्या दारापर्यंत, तिथून बाहेरच्या दाराशी. भिंतीवर कुठेकुठे ओल्या बोटांचे ठसे होते. रांगेत कुठेही पाऊल घसरल्याची खूण नव्हती.

“तू कुलूप लावलंस ते ऐकलं मी,” सासूबाई म्हणाल्या. “हाक मारणार होते, पण बोलायचं नाही ठरवलेलं.”

“अहो, माझा जीव गेला असता! पडला असता तर?”

“कशाला पडेन? लागली होती केव्हाची. म्हटलं, बघू तरी ही पोरगी खरं सांगत होती का. भिंत धरली. अगं, सरळ आहे गं ती! आपली तिकडची भिंत मध्येच पोट काढते, कोपऱ्यात गुडघा मारते, म्हणून खुणा लक्षात ठेवाव्या लागतात. ही नुसती धरली की नेते. मग परत येताना म्हटलं, बाहेरचं दार कुठे असेल? सापडलं. कडी होती, लावली.”

“कडी का लावलीत पण?”

“बाई एकटी घरात असली की कडी लावते,” सासूबाईंनी समजावले.

घर का हवे असते, याचे विवेचन विद्वानांनी पुष्कळ केले आहे: छाया, निवारा, संरक्षण. परंतु दुसऱ्याला हाक न मारता चार पावले चालता येणे आणि दार कोणासाठी उघडायचे हे आपण ठरवणे, यांतच घरपणाचे सारे मर्म सामावलेले असावे. नव्या घराचे आकर्षण केवळ त्याच्या चकाकीत नसते. जुनी पडझड तिथे कोणाच्याही वाटेत आडवी येत नाही.

“उद्या तो माणूस यायचाय ना बघायला?” सासूबाईंनी विचारले.

“हो.”

“त्याला कळव, इथे माणसं राहतात.” मग किंचित थांबून, “पाणी आहे का गं?”

सारी दुपार उलटून गेली होती. सुनेने धावपळीतही हातातच राहिलेली बाटली पुढे केली. सासूबाईंनी ती तोंडाला लावली आणि घटाघट शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी केली. तोंड पदराने पुसत त्यांनी बाटली परत दिली.

“अजून?”

“आणते,” शेवटच्या बाई म्हणाल्या, आणि स्वतः पुसलेल्या ओल्या फरशीवरून, सरळ पावलांनी, त्या आत नळाकडे गेल्या.