खोलमुरोदच्या खंदकातला उजेड

खोलमुरोद कुणाच्याही घरात शिरला की आधी छताकडं बघायचा, मग माणसाकडं. सलाम त्यानंतर. आयुष्यभर बस डेपोत तिकीट तपासनीस होता. नुसत्या चेहऱ्यावरून बिनतिकिटाचा माणूस ओळखायचा आणि ओळखला की त्याच्या तोंडावर असं समाधान पसरायचं, जसं इतरांच्या तोंडावर नातू झाल्यावर पसरतं. तो निवृत्त झाला त्या दिवशी डेपोतल्या लोकांनी पुलाव शिजवला. तो आपल्या मानासाठी शिजवला, असं त्याला शेवटपर्यंत वाटत राहिलं.

मग जुन्या दिव्यांवर बंदी आली. पिवळ्या उजेडाचे, आत तार असलेले, हात लावला की चटका देणारे दिवे विकायचे नाहीत आणि लावायचे नाहीत. त्यांच्या जागी नवे, वेटोळ्या नळीचे, कमी वीज खाणारे. मोहल्ल्याच्या पंचांना घरोघर फिरून जुने दिवे गोळा करणारा माणूस हवा होता. असलं काम हौसेनं करील असा आमच्या गल्लीत एकच जण होता. खांद्यावर पोतं टाकून खोलमुरोद निघाला तेव्हा त्याची बायको मोहिरा दारातून म्हणाली, "आज किती दिवसांनी यांची पाठ दुखत नाहीये."

नवे दिवे वाईट होते असं नाही. पूर्वी संध्याकाळी सगळ्यांनी दिवे लावले की टीव्हीतली माणसं आक्रसायची आणि इस्त्री कोमट पडायची, ते थांबलं. बिलं उतरली. पण त्या पांढऱ्याफटक उजेडात सोयरिकीला आलेली मंडळी मुलीला काही दुखणं आहे का म्हणून विचारायला लागली. थंडीत बटण दाबलं की दिवा आधी नुसता गुलाबी व्हायचा आणि खूप वेळानं मनावर घ्यायचा. आणि एखादा फुटला तर आत विष असतं म्हणून बायका खिडक्या उघडून घर गार करून टाकायच्या. खोलमुरोदला यातलं काही सांगायची सोय नव्हती. तो जुना दिवा काढायचा, पोत्यात टाकायचा आणि अंगणातच घरच्यांच्या देखत पोत्यावर टाच द्यायचा. काच फुटल्याचा आवाज झाला की मगच पुढचं दार.

शेजारच्या सुमनबरच्या घरी त्याला दिवा छताला दिसला नाही. तो चुलीजवळच्या खोक्यात, पिल्लांच्या डोक्यावर लोंबत होता. विधवा बाई, कोंबड्यांवर घर चालवायची. खाली पिवळा चिवचिवाट चालला होता.

"अका, हा उजेडासाठी नाही हो," सुमनबर म्हणाली; आमच्याकडं वडीलधाऱ्या पुरुषाला अका म्हणतात. "पिल्लांना ऊब लागते. पिसं फुटेपर्यंत राहू द्या, मग मीच आणून देते."

"तिकीट उतरताना काढतो म्हणणारे मी पुष्कळ बघितले, वहिनी." त्यानं दिवा काढला आणि नवा लावला. "हे बघ, पुठ्ठ्यावर लिहिलंय. शंभर वॅटच्या बरोबरीचा. शंभर म्हणजे शंभर."

सकाळी सगळी पिल्लं खोक्याच्या एका कोपऱ्यात एकावर एक चढून मेलेली होती.

सुमनबर रडली नाही, भांडली नाही. आमच्याकडं शेजाऱ्याला काही द्यायचं तर वाडग्यात घालून, वर रुमाल झाकून पाठवतात, आणि तो वाडगा कधी रिकामा परत जात नाही. तिनं आपला मोठा निळा वाडगा घेतला, वर धुतलेला रुमाल घातला आणि तो मोहिराच्या हातात नेऊन दिला. पोरगा झाल्याची मिठाई असावी अशा अदबीनं. मोहिरानं रुमाल उचलला आणि परत झाकला.

वाडगा घासून फळीवर ठेवला गेला. तो रिकामा परत करता येईना आणि त्यात काय घालायचं हेही कुणाला सुचेना. खोलमुरोद जेवायला बसला की वाडगा बरोबर त्याच्या समोर यायचा.

"मांजर शिरलं असेल," तो म्हणायचा.

"हो, मांजर," मोहिरा म्हणायची. "चावलं नाही, खाल्लं नाही. नुसतं बघून गेलं."

आता खोलमुरोदच्या खंदकाबद्दल. जगात या माणसाचा जीव एकाच गोष्टीत होता आणि ती जमिनीखाली होती. नोकरी सुटल्यावर त्यानं परसात पुरुषभर खोल खंदक खणला, एकट्यानं, आणि त्यात लिंबाची झाडं लावली. आमच्याकडच्या हिवाळ्यात लिंबू वर टिकत नाही. वर प्लॅस्टिक, त्यावर गवताच्या चटया, आणि आत रात्रभर जुने शंभराचे दिवे. आमची गल्ली प्रसूतिगृहाच्या तारेवर असल्यानं हिवाळ्यातही वीज जात नसे. बाकीचं गाव मेणबत्त्या लावायचं आणि खोलमुरोदची लिंबं उजेडात झोपायची. झाडांशी तो हळू आवाजात बोलायचा. बायकोशी तो आवाज कधी लागला नाही. इतकी वर्षं नुसतं फुटकळ फळ आलं. यंदा प्रथमच फांद्या वाकल्या होत्या, आणि फळ पिवळं व्हायला थोडे दिवस उरले होते.

गोळा करण्याच्या यादीत त्यानं आपला खंदक धरलाच नव्हता. तपासनीस स्वतः कधी तिकीट काढतो का?

पण प्लॅस्टिकमधून पिवळा उजेड झिरपायचा आणि आख्ख्या गल्लीला दिसायचा. चहाखान्याच्या तुर्दीनं एका दुपारी सगळ्यांसमोर विषय काढला.

"अका, तुमच्या परसात अजून जुनंच राज्य आहे वाटतं."

"ते दिवे वेगळे. ते लिंबांना ऊब द्यायला आहेत."

चहाखान्यात पेले जागच्या जागी थांबले.

"म्हणजे नव्या दिव्याला ऊब नसते?" तुर्दीनं अगदी भोळ्या आवाजात विचारलं.

खोलमुरोदनं पेला खाली ठेवला. नसते म्हणावं तर सुमनबरची पिल्लं कुणी मारली, ते भर चहाखान्यात कबूल होत होतं. "शंभर म्हणजे शंभर," तो म्हणाला. "उजेड काय आणि ऊब काय."

"तेच म्हणतो मी. मग बदला की. का पिल्लांनी कानात काही सांगितलं?"

कुणी हसलं नाही. हसले असते तर तो सुटला असता. सगळ्यांनी खाली पेल्यात बघितलं, आणि बिनतिकिटाचा माणूस खाली बघतो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं; फक्त या वेळी खाली बघणारे सगळे तिकीटवाले होते. तो ताडकन उठला. त्याच दुपारी खंदकात उतरून त्यानं एकेक जुना दिवा काढला आणि तुर्दी आणि मंडळी कुंपणाशी उभी असताना पोत्यावर टाच दिली. तुर्दीच्या चहाखान्यात नवे दिवे कधीचे लागले होते. ते हाताला कसे लागतात हे त्याला पक्कं माहीत होतं. "शाबास अका," तो म्हणाला.

खंदक कधी नव्हता इतका पांढरा उजळला. थंडी बेताची होती तोवर काही बिघडलं नाही, आणि खोलमुरोद गल्लीत मान वर करून हिंडला. मग डोंगराकडून वारा फिरला. दुपारीच कालव्याच्या कडेला बर्फाची साय धरली. संध्याकाळी तो खंदकात उतरला तेव्हा दिवे गुलाबी होऊन बसले होते. त्यानं एकाला तळहात लावला. मग दुसऱ्याला. मग पानाला. तिन्ही सारखेच.

घरातल्या शेगडीतले निखारे घमेल्यात घालून त्यानं खाली नेले. धुरानं त्याला खोकल्याची उबळ आली, घमेलं कलंडलं, वाळका पाचोळा पेटला आणि ज्वाळेनं वरच्या प्लॅस्टिकला भोक पाडलं. भोकातून वारा सरळ फांद्यांवर यायला लागला. बाजारात जुना दिवा मिळणार नव्हता. दुकानदारांची नावं त्यानंच वर कळवली होती.

सुमनबरकडं मात्र असतील, अशी कुजबुज होती. पिठाच्या डब्यात. खोलमुरोदनं फळीवरचा निळा वाडगा काढला, त्यात सगळ्यात चांगली लिंबं तोडून घातली, वर तोच रुमाल झाकला आणि तो तिच्या दाराशी उभा राहिला. या वेळी छताकडं बघितलं नाही. आधी सलाम केला.

"वहिनी, तुमचा वाडगा."

सुमनबरनं रुमाल उचलला. "वा. रिकामा नाही आणलात."

"वहिनी, ते जुने दिवे. सकाळपर्यंत द्या. झाडं जातील."

"कसले दिवे, अका? तुम्हीच तर नेलेत."

"पिठाच्या डब्यात आहेत म्हणतात."

"आहेत की." तिनं दार थोडं उघडं केलं. आत खोक्यावर पिवळा उजेड होता आणि त्याखाली नवी पिल्लं. "पण कामात आहेत. पिसं फुटली की मीच आणून देते."

"वहिनी, पाया पडतो."

"नका पडू, जमीन गार आहे. तुमच्याकडं नवे आहेत ना, शंभरच्या बरोबरीचे?" तिनं लिंबांचा वाडगा आत घेतला. "वाडगा परत आला. आपलं देणंघेणं काही राहिलं नाही आता," ती म्हणाली आणि दार लावलं. कडीसुद्धा हळूच घातली, पिल्लं दचकू नयेत म्हणून.

सकाळी लिंबं झाडावरच होती, पण बोट लावलं की आत पाणी. पानं काळी पडून उकडल्यासारखी लोंबत होती. दुपारपर्यंत फळं धपाधप खाली पडायला लागली. वर पांढरे दिवे जळत होते, आता चांगले लख्ख, आणि त्यांच्या उजेडात एकेक फळ व्यवस्थित दिसत होतं. गल्ली कुंपणाशी जमली. "वीज मात्र वाचली," तुर्दी म्हणाला. झाडं वसंतात बुंध्यापासून फुटतील म्हणून खोलमुरोद वाट बघत राहिला. ती फुटली नाहीत.

तो धूर त्याच्या छातीत बसला. खोकून खोकून तो अंथरुणाला खिळला. आजारी शेजाऱ्याला काही पाठवावं लागतं, आणि सुमनबर रीत चुकवणारी नव्हती. निळा वाडगा आला, वर धुतलेला रुमाल. मोहिरानं तो उचलायच्या आधी बराच वेळ हात मागं ठेवला. आत साखरेत मुरवलेली लिंबं होती, पातळ चिरलेली, पिवळीधमक. त्या खंदकाची उरलेली सगळी लिंबं.

"छातीला चांगलं असतं म्हणे," दारातून सुमनबर म्हणाली. "आणि वाडग्याची घाई नाही, अका. काही पिकलं की भरून द्या."

मोहिरानं एक फोड गरम चहात घातली आणि पेला त्याच्या ओठाला लावला. खोकला थांबत नव्हता, म्हणून तो प्याला. वाडगा संपेपर्यंत रोज प्याला. मग मोहिरानं तो घासला आणि परत फळीवर ठेवला, त्याच्या डोळ्यांसमोर.