डावी थाप जरा उशिरा

कुकरची शिट्टी माझ्या डाव्या डोळ्याच्या मागं घुसते. लहानपणी हे सांगितलं की घरातले हसायचे आणि मी रागानं जेवायची नाही. शिट्टी डोळ्यात कशी जाईल म्हणे! जायची, त्याला मी काय करू? स्टीलचं ताट फरशीवर पडलं की दातांच्या मुळाशी आंबट चव यायची. भीमजयंतीच्या मिरवणुकीत डीजे आमच्या कुंडलच्या गल्लीत शिरला की बरगड्यांच्या आत कुणीतरी कपाटं सरकवतंय असं वाटायचं. सगळी वस्ती बाहेर नाचायची आणि मी कानात कापूस घालून आतल्या खोलीत पालथी. वर्षातला सगळ्यात आनंदाचा दिवस असा जायचा, याचं मला लय वाईट वाटायचं.

मला खोटं पाडलं नाही ते फक्त आबांनी. आबा, म्हणजे आमचे वडील, भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवायचे. पार आटपाडीपर्यंत त्यांचे कार्यक्रम असायचे. घरी सरावाला बसले की आधी मला शेजारी बसवायचे, माझा तळवा ढोलकीच्या लाकडावर ठेवायला लावायचे आणि विचारायचे, हात ठिवलास का? मी मान हलवली की मगच थाप पडायची. आवाज आधी हातात यायचा, कोपरापर्यंत चढायचा आणि कानात पोचेस्तोवर ओळखीचा झालेला असायचा. ओळखीचा आवाज मला टोचत नसे.

कडबा कापायच्या यंत्रात सापडून आबांच्या डाव्या हाताची दोन बोटं आखडली होती. त्यामुळं डावी थाप केसभर उशिरा पडायची. पार्टीतले गायक चिडवायचे, की तुमची डावी थाप मागच्या यष्टीनं येते. आबा म्हणायचे, येते न्हवं, मग झालं की.

आबा जाऊन आता काही वर्षं झाली. मी कराडला एका दवाखान्यात रक्त तपासते, शांत काम आहे. धाकटी बहीण कुंडलला आईजवळ असते. दिवसा मोबाइलच्या दुकानात बसते आणि उरलेल्या वेळात रॅप करते. आईला बरेच दिवस वाटत होतं की पोरगी आत फोनवर कुणाशी तरी भांडतेय.

परवा तिचा पहिलाच कार्यक्रम होता, तोही कराडात. कॉलेजच्या पोरांनी एक हॉल घेतला होता. मी पुढच्या रांगेत बसावं, एवढं एकच तिचं मागणं होतं. आणि माझी भीतीही तेवढी एकच होती. मामेभावाच्या लग्नात बँजो सुरू झाला तशी मी मांडवातून उठून पळाले होते आणि उसाच्या बांधावर डोकं धरून बसले होते. तिच्या गाण्यात मी अशी उठले असते तर ती तिथंच शब्द विसरली असती.

म्हणून आदल्या दिवशी दुपारी मी गाणं ऐकायला कुंडलला गेले. तिनं खोलीत दोऱ्या बांधून चारी बाजूंनी वाकळा टांगल्या होत्या, आवाज घुमू नये म्हणून. पंखा बंद, कारण माइक पंख्याचाही आवाज पकडतो. वाकळांतले आईच्या जुन्या लुगड्यांचे तुकडे उन्हानं उजळले होते आणि खोलीत जांभळा, हिरवट उजेड सांडला होता. त्या उबेत माझे डोळे जड झाले. आपण पाण्याखाली बसलोय असं वाटायला लागलं, आणि तिनं गाणं लावलं.

गाण्यात नुसता तिचा आवाज होता. पलूसच्या स्टँडवर यष्टीची वाट बघणाऱ्या पोरी, त्यांच्याकडं बघणारे, उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी, सगळं होतं. शब्द झकास होते, पण त्यांना पाय टेकायला जागा नव्हती. अळणी आमटी खाल्ल्यासारखं झालं.

ती म्हणाली, "आक्का, तुझ्यासाठी हलकं केलंय. खालचा ठोका सगळा काढला. उद्या ह्येच लावनार हाय."

माझं डोकंच फिरलं. कुणी सांगितला होता हा शहाणपणा? पहिलाच कार्यक्रम, आणि तोही माझ्यापायी असा सोलून काढायचा? खरं गाणं लाव, मी बसते, असं मी निक्षून सांगितलं. आत्ताच ऐकव म्हटलं तर ऐकवेना. एवढंच म्हणाली, की मग स्टेजच्या कडेला बस, लाकडाला टेकून.

हॉलमध्ये माणसाएवढाले स्पीकर होते. तिच्या आधी एका पोराचं गाणं झालं. ठोका तळपायातून शिरला. वरची बारीक चिकचिक दातांत वाळू यावी तशी, आणि टाळीसारखा आवाज थेट कपाळावर, टिचकी मारल्यासारखा. शब्द इतक्या वेगानं येत होते की मला ते अंगावर पडताना दिसत होते, पिवळे, टोकदार. मी उठले. खरंच उठले, दाराकडं दोन पावलं टाकलीसुद्धा. तेवढ्यात गाणं संपलं आणि धाकटी स्टेजवर आली. तिनं आधी मला शोधलं. चेहरा पांढरा पडला होता पोरीचा. मी मुकाट्यानं मागं फिरले, स्टेजच्या कडेशी बसले आणि लाकडावर तळवा टेकवला.

आधी खरखर ऐकू आली. मग लांब कुठंतरी कोंबडी. मग खाकरण्याचा आवाज, आणि त्या थोरल्या स्पीकरांतून, अगदी सावकाश,

"हात ठिवलास का?"

आबा होते तेव्हा, मी सुट्टीला घरी गेले असताना तिनं कधीतरी फोनवर हे धरून ठेवलं होतं. मला पत्ताही नव्हता. आवाज आणि ढोलकी एकाच रेकॉर्डिंगमध्ये. माझ्यासाठी गाणं हलकं करताना तिला आबांनाच काढावं लागलं होतं.

प्रश्नानंतर गाण्यात शांतता होती. तेव्हा मी नुसती मान हलवली असणार, म्हणून तिथं काहीच ऐकू येत नव्हतं. धाकटीनं ती जागा कापली नव्हती, तशीच ठेवली होती. सगळा हॉल थांबला होता. मला रडू फुटलं आणि मी सगळ्यांदेखत, मोठ्यानं म्हणाले, "व्हय आबा, ठिवला."

उजवी थाप पडली. लाकूड माझ्या हाताखाली हललं. मग डावी आली, जरा उशिरा.