पडद्यावर न आलेलं उत्तर

नवरा गेला तेव्हा मुलगी दीड वर्षाची होती. रसायनीच्या एका कारखान्यात त्याच्या जागी मला घेतलं, प्रयोगशाळेत. तिथला रिवाज असा की नमुना तपासायचा, आकडा चिठ्ठीवर लिहायचा आणि चिठ्ठी खिडकीतल्या ट्रेमध्ये ठेवायची. तोंडाने सांगायचं नाही, ऐकण्यात चूक होते म्हणून. ज्याला हवी तो येऊन नेई. मला ते बरंच पडलं, कारण कुणाशी बोलावंसं वाटतच नव्हतं.

ऐंशीच्या दशकात कारखान्यात कॉम्प्युटर आला. शिकायला आम्हा चौघांना बसवलं. परीक्षेत पास होईल त्याला कॉम्प्युटरच्या खोलीत कायमची दिवसपाळी, बाकीच्यांना आधीसारख्याच फिरत्या पाळ्या. चौक गावातल्या घरी सासूबाई म्हणाल्या, "दिवसपाळी मिळव गं. पोर तुला वळखत नाय."

परीक्षेत फंक्शन, म्हणजे हिशेब करून देणारा प्रोग्रामचा एक तुकडा, लिहायचं होतं. टाकीतल्या मालाची उंची दिली की त्याने लिटर काढायचे. मी नीट लिहिलं. आलेलं उत्तर 'वाय' नावाच्या कप्प्यात ठेवलं आणि थांबले. माझ्या लेखी चिठ्ठी ट्रेमध्ये पडली होती. प्रोग्राम चालवला, तर पडद्यावर नुसतं 'ओके'.

"बाई, उत्तर कुठाय?" शिकवणारे साहेब म्हणाले.

फंक्शन उत्तर काढून परत देतं, पण दाखवत नाही. दाखव म्हणून वेगळं सांगावं लागतं. हे मला त्याच क्षणी आठवलं. उत्तर आत शाबूत होतं. 'प्रिंट वाय' एवढं टाइप केलं असतं तरी भागलं असतं. साहेब थांबलेसुद्धा. मी आपली कळफलकावरच्या बोटांकडे बघत राहिले, ती दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी. साहेबांनी कागदावर काट मारली. वाईटही वाटलं नाही. आज लिहिताना मात्र स्वतःच्या मुस्काटात द्यावीशी वाटते.

फिरत्या पाळ्या चालूच राहिल्या. काही वर्षं तशीच गेली. एका दुपारी मुलीला ताप होता, मी कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवत होते.

"आई," ती म्हणाली.

"काय गं?"

तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "तू नाय. आई."

सासूबाई चुलीपुढून उठून आल्या. मी पट्टी त्यांच्या हातात दिली आणि दुसऱ्या पाळीला निघाले.