पेन्सिल शेवटच्या माणसाकडे

नामदेवराव रामटेके गुरुजींची आणि माझी पहिली भेट माजरी स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर झाली. कोळशाच्या धुळीवर बातमी करण्यासाठी मी चंद्रपूरहून आलो होतो आणि परतीच्या गाडीला वेळ होता. बाकावर चार-पाच माणसे एकाच वर्तमानपत्रावर वाकली होती. मधले धोतर-सदऱ्यातले गृहस्थ शब्दकोड्यातली खूण वाचत होते : "आडवा शब्द, तीन अक्षरी. पैलतीरी नेणारा."

"नावाडी," मी मागून म्हणालो.

चहावाल्याने गाळणी तशीच वर धरून माझ्याकडे पाहिले. मला कळेना, मी असे काय बोललो.

"भाऊ, तुमी पाव्हणे आहा म्हणून माफ," ते गृहस्थ शांतपणे म्हणाले. "इथी उत्तर सांगत नाई."

"मग काय करतात?"

"सुचलं का मूठ झाकाची आन गुडघ्यावर ठेवाची. ज्याले नाई सुचलं त्याले आणखी एक खूण द्याची. शेवटी ज्याले सुचन, त्यानं लिहाचं."

पेन्सिल शेवटच्या माणसाकडे, असा हा नियम होता. मी वर्तमानपत्रात काम करणारा. पहिला कोण, याच्याच बातम्या आजवर लिहिल्या होत्या. शेवटच्या माणसाला मान देणारा खेळ मी पहिल्यांदाच पाहत होतो. माझी गाडी त्या दिवशी चुकली, आणि तेव्हापासून माजरीला माझे जाणे-येणे सुरू झाले.

गुरुजींचे शाळेतले काम ज्यांनी पाहिले त्यांना या नियमाचे मूळ कुठे आहे हे माहीत आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली हा एकच जिल्हा होता तेव्हा त्यांनी मुलचेऱ्याकडच्या जंगलातल्या शाळांत अनेक वर्षे काढली. फळा धड नव्हता, म्हणून ते अंगणात चुन्याने चौकोन आखत आणि प्रत्येक चौकोनात एक मूल उभे करीत. प्रत्येक मूल म्हणजे एक अक्षर. मोहफुले वेचायच्या दिवसांत 'म' झालेली मुलगी शाळेत येईनाशी झाली. गुरुजी रागावले नाहीत. सगळा वर्ग घेऊन ते तिच्या घरी गेले आणि तिच्या आईला म्हणाले, "बाई, तुमच्या पोरीवाचून आमचा शब्द लंगडा झाला." आई हसली. दुसऱ्या दिवशी 'म' आपल्या चौकोनात उभी होती. पहाटे फुले वेचून मग आली होती, एवढेच.

बिस्वासबाबूंची ओळखही तिथलीच. निर्वासित बंगाली वस्तीत त्यांचे किराणा दुकान होते आणि मराठी जेमतेम होते. मुलचेऱ्यात कालचा पेपर आज पोचायचा. एसटीतून गठ्ठा उतरला की गुरुजी दुकानाच्या पायरीवर बसून खुणा वाचत. बिस्वासबाबूंना शब्द नेहमी शेवटी सुचायचा, त्यामुळे पेन्सिल नेहमी त्यांच्याच कानावर. "मास्टरमशाय, मी मराठी शिकलो ते हारून हारून," असे ते आजही सांगतात. त्यावर गुरुजींचे ठरलेले उत्तर : "हारले कुठी? सगळं कोडं तं तुमच्याच अक्षरात आहे."

घरीही हाच रिवाज. रामटेके कुटुंबात गुरुजींच्या आधी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते. ते एकदाच याविषयी बोलले : "आमाले लहानपणी सांगणारे लय भेटले, भाऊ. थांबणारा कोणी नाई भेटला." पुढे बदली होऊन ते माजरीला आले. तिथल्या घरात सकाळी त्यांच्या पत्नी शांताबाई भाकरी थापता थापता मूठ मिटायच्या, तीही पिठाची. मुलगी विजया वैतागायची. "आई आन बाबा दोघंही मुठी झाकून बसले का मले वाटते का माह्यावर खटला चालू आहे." आणि तिघेही हसत.

हे सारे आनंदाने लिहून झाले. आता जे लिहायचे आहे, त्याचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

निवृत्तीच्या दुसऱ्या वर्षी, टपरीवर कोडे रंगात आले असताना गुरुजींना अर्धांगाचा झटका आला. मी तिथे नव्हतो. टपरीवर रोज बसणाऱ्या, खाणीतल्या पांडेजींनी मला चंद्रपूरच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात सांगितले.

"भाऊसाहेब, मास्तरजी खूण देणार होते. तोंड उघडलं आणि म्हणाले, 'दगड पान, दगड पान.' आमी सगळे विचार करून राह्यलो, का ही कोणती खूण आहे. मी तर बोललो, मास्तरजी, आज भारी कठीण दिली! सगळे हसले. एकानं तर मूठ पण झाकली, बोलला मले सुचलं. भाऊसाहेब, हम लोग हँस रहे थे!"

पेन्सिल त्यांच्या हातातून गळून पडली आणि ते बाकावर कलले, तेव्हा कुठे सगळ्यांच्या ध्यानात आले. खाणीच्या जीपमधून त्यांना चंद्रपूरला आणले. जीव वाचला. उजवा हात गेला आणि त्याच्याबरोबर शब्द गेले. समजत सगळे होते, पण बोलायला गेले की भलताच शब्द बाहेर पडे. तो भलता आहे हे त्यांना स्वतःला कळे, आणि त्यांच्या डोळ्यांत जे उमटे ते पाहवत नसे. माझ्या नोकरीत मी अपघात पाहिले आहेत, खाणीतून वर आणलेली माणसे पाहिली आहेत. पण गुरुजींना 'चहा' म्हणता येत नाही हे पाहून मी व्हरांड्यात येऊन भिंतीला टेकून उभा राहिलो होतो.

डॉक्टरांनी सांगितले, बोलायचा प्रयत्न करत राहिले तर वाणी परत येईल, सोडून दिला तर नाही. आणि नेमका तोच सुटत चालला होता. घरी आणल्यावर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. गुरुजींनी ओठ हलवले की माणसे धावत. "पाणी पायजे का? उशी देऊ? पंखा लावू?" सगळ्यांच्या मनात मायाच होती. पण पाणी नको असतानाही गुरुजी पाणी पीत, कारण नको म्हणायलाही शब्द लागतो. पुढे पुढे त्यांनी ओठ हलवणेच थांबवले. भिंतीकडे तोंड करून ते पडून राहू लागले.

त्या सुमारास मी आणि बिस्वासबाबू एकाच सकाळी माजरीला पोचलो. बिस्वासबाबू मुलचेऱ्याहून दोन एसट्या बदलून आले होते. गुरुजी पलंगावर टेकून बसले होते. आम्हाला पाहून त्यांनी डावा हात खिडकीकडे केला, ओठ हलवले आणि अडले. वारा हवा असेल, असे मला वाटले. खिडकी उघडू का, म्हणायला मी तोंड उघडले, तोच शांताबाईंचा तळवा माझ्यासमोर आला.

"सांगू नका."

"आई, सांगू दे ना त्याईले!" विजया रडकुंडीला आली. "बाबाले त्रास होऊन राह्यला, दिसत नाई का तुले?"

"या घरात उत्तर सांगत नाई," शांताबाई म्हणाल्या. "ज्याले सांगाचं असन त्यानं अंगणात जाऊन बसाचं."

इतकी वर्षे ज्यांच्या हातची भाकरी खाल्ली त्या बाई इतक्या कठोर असतील असे मला कधी वाटले नव्हते. गुरुजींच्या कपाळावर घाम आला होता. मग त्यांनी डाव्या हाताची तीन बोटे वर केली.

आम्हाला काही उमगेना. शांताबाई मात्र पुढे सरकल्या.

"तीन अक्षरी?"

गुरुजींनी मान हलवली. शब्द हरवला होता, पण त्याचे चौकोन त्यांच्याजवळ शाबूत होते.

"आडवा का उभा?" शांताबाईंनी विचारले, आणि गुरुजींच्या चेहऱ्याची चांगली बाजू हसली. त्या घराने किती तरी दिवसांत ते हसू पाहिले नव्हते.

शांताबाईंनी त्यांच्या नजरेच्या रोखाने खिडकीकडे पाहिले. फळीवर औषधाच्या बाटल्या होत्या, कंगवा होता, कालचा पेपर होता आणि पेपरखालून डोकावणारी पेन्सिल होती. त्यांनी मूठ मिटून गुडघ्यावर ठेवली. मग विजयाची मूठ मिटली. मग माझी. मी जो शब्द पुरवणार होतो तो चुकीचा होता, हे मला तेव्हा कळले. बिस्वासबाबू आयुष्यात पहिल्यांदा शेवटचे उरले नाहीत. त्यांनीही मूठ मिटली आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. आता एकटे गुरुजीच राहिले होते.

"तुमी कानावर ठेवता," शांताबाईंनी खूण दिली.

गुरुजींनी मान हलवली. शब्द आला नाही.

"सोलली का लहान होते, बाबा," विजया म्हणाली.

ओठ हलले. काहीतरी भलतेच बाहेर आले. त्यांनी डोळे मिटले. ते पुन्हा भिंतीकडे वळतात की काय, अशी भीती मला वाटली.

"मास्टरमशाय," बिस्वासबाबू हलकेच म्हणाले, "जो शेवटी राहाते, त्याले भेटते."

बाहेर कोळशाची मालगाडी जात होती. ती पूर्ण गेली.

"पे," गुरुजी म्हणाले. "पे... न्सिल."

कोणीही टाळी वाजवली नाही. बिस्वासबाबू उठले, फळीवरची पेन्सिल घेतली आणि गुरुजींच्या डाव्या हातात दिली. शेवटी त्यांना सुचले होते, म्हणून ती त्यांची होती. कालच्या कोड्यात त्यांनी त्या दिवशी जी वाकडी अक्षरे काढली, तशी मी पहिलीच्या वर्गातसुद्धा पाहिलेली नाहीत. शांताबाई अंगणात गेल्या आणि तोंडावर पदर धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. तो कठोरपणा त्यांना किती जड गेला होता, हे मला तेव्हा समजले.

आज गुरुजी हळू का होईना, बोलतात. टपरीवर बसतात. मधेच शब्द अडतो, तेव्हा बोटांनी अक्षरे दाखवतात, आणि पांडेजींसारखी माणसे मूठ मिटून वाट पाहतात. गुरुजींच्या सत्कारासाठी आणि या गौरवग्रंथासाठी नेमलेल्या आमच्या समितीने सुचवले होते की सत्काराचे उत्तर विजयाताईंनी वाचून दाखवावे. गुरुजींनी मान हलवली. "मी," ते म्हणाले, आणि थांबले. आम्हीही थांबलो. "बोलीन."

म्हणून या ग्रंथाच्या वाचकांना, आणि सत्काराच्या दिवशी सभागृहात येणाऱ्या त्यांच्या सर्व विद्यार्थ्यांना, एक विनंती आहे. गुरुजी बोलता बोलता अडतील, तेव्हा मायेपोटीसुद्धा कोणी शब्द पुरवू नये. सुचला तर मूठ मिटून गुडघ्यावर ठेवावी. व्यासपीठावरून त्यांना ते दिसेल.

गुरुजींना एकसष्टावे वर्ष लागले आहे. पुढची पुष्कळ वर्षे त्यांना आरोग्याची जावोत, शांताबाईंच्या सोबतीत जावोत, आणि रोज सकाळी नवे कोडे त्यांच्या दारी येवो. शब्द उशिरा आले तरी चालतील. आम्ही मुठी मिटून बसलो आहोत, गुरुजी. पेन्सिल तुमच्याकडेच आहे.