वायरमनच्या पोटातली सुटी वायर

वायरमन एरवी थंड डोक्याचा माणूस, पण त्या दिवशी दवाखान्यात त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. सहा महिन्यांपूर्वी त्याचं लिव्हर निकामी झालं होतं आणि थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, आपल्या लिव्हरचा मोठा तुकडा त्याला दिला होता. ऑपरेशन झकास झालं. रक्तवाहिन्या जोडल्या, पित्ताची नळी जोडली. मज्जातंतू मात्र कोणी जोडत नाही, ते कापलेलेच राहतात, असं डॉक्टर सहज बोलून गेले.

"म्हणजे पाइप जोडले आणि वायर लोंबती ठेवली?" वायरमनने विचारलं. असलं काम त्याने केलं असतं तर गिऱ्हाइकाने त्याला पुन्हा दारात उभं केलं नसतं.

डॉक्टर हसले, पण पुढचं त्यांनी नीट समजावलं. रक्तातली साखर उतरू लागली की लिव्हरपाशी असलेल्या मज्जातंतूंना सुगावा लागतो. ते मेंदूला कळवतात, मग घाम फुटतो, हात थरथरतात, लिव्हर साठवलेली साखर सोडतं. कळवणारे आणखीही असतात, पण पंधरा वर्षांच्या मधुमेहाने आणि इन्सुलिनने वायरमनचे तेही मंदावले होते. आता साखर कितीही घसरली तरी शरीर ताकास तूर लागू देणार नव्हतं. शिडीवर चढायचं तर आधी बोट टोचून तपासायचं, आणि दर अर्ध्या तासाने उतरून पुन्हा.

शिडी सुटली तर वायरमनचं कसलं जगणं! खुर्चीत बसून इस्त्र्या उघडण्यात त्याला काही राम वाटत नव्हता.

पहिलंच काम निघालं वाचनालयातल्या सहा पंख्यांचं. ताई शिडी धरायला आली; तिला येऊ नको म्हणायची कुणाची टाप नव्हती. बोट टोचलं, साखरेचा आकडा एकशे पंधरा. स्वारी शीळ घालत वर चढली. मध्ये उतरून, बोट टोचून पाच पंखे झाले. सहाव्याला अर्धा तास उलटून गेला, पण एवढ्याशा कामासाठी कोण उतरतो? मग त्याने ताईकडे पेचकस मागितला. पेचकस त्याच्या हातातच होता.

"खाली उतर," ताई म्हणाली.

त्याने हुज्जत घातली. घाम नाही, थरथर नाही, आपण ठणठणीत आहोत. शेवटी कुरकुरत उतरला. आकडा आला सेहेचाळीस.

ताईने त्याला साखरेचं पाणी पाजलं आणि ती बाकावर टेकली. मग म्हणाली, "माझ्याच लिव्हरमध्ये खोट निघाली का रे?"

वायरमनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "वेडी आहेस का? खोट माझ्या मस्तीत आहे. तुझ्या लिव्हरवर तर जगतोय मी."

पंधरा मिनिटांनी आकडा वर आला. शिडी समोर उभी होती आणि पंखा एकच उरला होता. ताईचा हात नकळत त्याच्या बाहीवर गेला. त्याने फोन काढला आणि पलीकडच्या गल्लीतल्या वायरमनला लावला, ज्याच्या कामाला तो वीस वर्षं नावं ठेवत आला होता.

"एक पंखा राहिलाय," तो म्हणाला. "तू वर चढ, मी खालून सांगतो. आणि उद्याही ये."