मापकाकांचे दोन चिकू

मापकाकांनी साडेआठच्या आधी कधी चहा घेतला नाही. डहाणूजवळ नरपडला त्यांच्या चिकूवाडीत सरकारी पर्जन्यमापक होतं. रोज सकाळी साडेआठच्या ठोक्याला त्यातलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, डोळ्यांसमोर धरून आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, मगच चहा. सगळी नोकरी रेल्वेत केबिनमन म्हणून झालेली. मिनिट म्हणजे मिनिट. सख्ख्या पुतणीच्या हळदीलासुद्धा स्वारी माप घेऊन झाल्यावरच निघाली. काकी वैतागून म्हणायच्या, "ह्यांचं लग्न त्या डब्याशीच लावायला हवं होतं."

माझे वडील त्यांच्याबरोबर रेल्वेत होते, म्हणून आमचं जाणं-येणं. पुढे मी हवामानाच्या संशोधनाला लागले, तेव्हा कळलं की आमच्या किनाऱ्यावर इतकी वर्षं एक दिवस न चुकवता ठेवलेली नोंद फक्त काकांची आहे. मागायला गेले, तर त्यांनी सगळ्या वह्या ओटीवर मांडल्या. "घे. पण एक सांगतो पोरी, शेवटच्या सात-आठ वर्षांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नको. मापाजवळचे दोन चिकू वाढलेत, पाऊस अडतो. हवामान खात्याच्या साहेबांना दोनदा कळवलं. कोण येतंय बघायला?"

मी हो हो म्हटलं. शोधनिबंध पाठवायची मुदत तोंडावर आली होती. आलेख काढला तर तो असा झकास खाली उतरत होता, की मला चिकू आठवायचेच नव्हते. विसरले असते तर एक वेळ चाललं असतं. मी विसरले नव्हते. किनाऱ्यावरचा पाऊस घटतोय, असा निबंध छापून आला आणि तुफान चालला. जगभरचे संशोधक आपापल्या निबंधांत त्याचा हवाला देऊ लागले. आमच्या धंद्यात माणसाची किंमत या हवाल्यांवर ठरते. मला बढती मिळाली ती त्याच्याच जोरावर.

काकांना त्याचं कोण कौतुक. मी डहाणूला आले की पहिला प्रश्न, "हवाले किती झाले?" मी आकडा सांगायचे, आणि मासळीवालीपासून तलासरीच्या पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना तो कळायचा. "आपल्या नरपडचा पाऊस परदेशात वाचतात," असं ते सांगत असायचे आणि मी शेजारी मान खाली घालून बसायचे. लाज वाटायची, पण तेवढ्यापुरती.

एकदा तर मीच वर त्यांना म्हटलं, "काका, झाडांनी तसा काही फार फरक पडत नसणार." पुढच्या खेपेला मी गेले, तर मापाजवळ दोन बुंधे. चांगली लगडलेली झाडं त्यांनी पावसाळ्याआधी तोडून टाकली होती. काकी आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या. काका म्हणाले, "आता बघ फरक पडतो का. आपण कशाला वाद घालायचा? मापालाच विचारू."

पावसाळा संपल्यावर त्यांनी वही पाठवली. तालुक्यातल्याच सायवनच्या मापावर त्या वर्षीचा पाऊस नेहमीइतकाच होता. काकांचा आकडा मात्र सरळ जुन्या जागेवर गेला होता. म्हणजे पाऊस घटलाच नव्हता. त्यांनी फोनवर विचारलं, "बघितलंस?" मी म्हटलं, "बघते काका. सवडीनं बघते." त्यांनी पुन्हा विचारलं नाही. किती झाले, हेही विचारायचं सोडलं. त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे मलाही कळलं होतं. तरी मी गप्प बसले. असं दुसरं कोणी वागलं असतं, तर मी चारचौघांत नावं ठेवली असती.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. मग मला उपरती झाली. मी नियतकालिकाला चूक कळवली, दुरुस्ती छापून आली, तीत काकांचं नाव घातलं. तो कागद घेऊन काकींकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी एवढंच विचारलं,

"म्हणजे आता ते जुनं कोणी वाचणार नाही?"

"वाचतात, काकी. हवाला अजून जुन्याचाच देतात. दुरुस्ती कोणी बघत नाही."

काकींनी कागद घडी घालून माझ्या हातात परत दिला. "त्या दिवशी फोनवर नुसतं 'हो, बघितलं' म्हणाली असतीस," त्या म्हणाल्या, "तरी त्यांना पुरलं असतं."